बोंड दिसतंय, पण कोपर किती वळवायचं?

नोव्हेंबर लागला की वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी या पट्ट्यात कापूस फुटलेला असतो. एकाच पऱ्हाटीवर एक बोंड पुरतं उमललेलं, दुसरं अर्धवट, तिसरं अजून हिरवं. म्हणून वेचणी एकदा करून भागत नाही. तीन-चार वेचे होतात, आणि दर वेळी कमरेला ओटी बांधलेल्या बाया तासातासाने पुढे सरकत तीच झाडं पुन्हा धुंडाळतात. अमेरिकेतली अवजड यंत्रं आधी पानं गाळणारं औषध फवारून मग सगळं शेत एका दमात वेचतात. आपली लहान शेतं आणि पाळीपाळीने फुटणारी बोंडं त्या यंत्रांना मानवत नाहीत. वेचणीला माणूस मिळेनासा झाला, तशी वेगळ्या यंत्राची कल्पना पुढे आली. कॅमेऱ्याने फुटलेलं बोंड ओळखायचं आणि यांत्रिक हाताने तेवढंच उचलायचं. बंगळुरूची ग्रीन रोबोट मशिनरी ही कंपनी अशा रोबोटवर काम करत आली आहे.

असा रोबोट मनात धरून बसलेल्या विद्यार्थ्याची गाडी लवकरच एका ठिकाणी अडते. कॅमेरा सांगतो, बोंड हाताच्या बैठकीपासून इतकं पुढे, इतकं डावीकडे, इतकं उंच. मोटरीला मात्र पुढे-मागे, डावं-उजवं काही कळत नाही. तिला एवढंच कळतं की अमुक अंश फिरायचं. जागा ठाऊक आहे, कोन हवे आहेत. हे कोन काढण्याच्या गणिताला इन्व्हर्स कायनेमॅटिक्स म्हणतात. याच्या उलट, कोन आधी ठरवले आणि हाताचं टोक कुठे पोचलं ते काढलं, तर ते फॉरवर्ड कायनेमॅटिक्स.

फॉरवर्डचं काम सोपं आहे. प्रत्येक सांध्याचा कोन घ्या, साइन-कोसाइन लावा, बेरीज करत टोकापर्यंत जा, आणि उत्तर एकच येतं. इन्व्हर्सचा स्वभाव निराळा आहे. उत्तर कधी नसतंच, कधी एक असतं, कधी दोन, कधी अगणित. नवशिक्या अडखळतो तो अवघड सूत्रामुळे नव्हे. शाळेपासून त्याला गणिताचं एकच बरोबर उत्तर शोधायची सवय लागलेली असते, आणि इथे अनेक बरोबर उत्तरांतून एक निवडायचं असतं.

ही सवय मोडायची तर गणित हाताने करून पाहावं, आणि ती रीत आपल्याकडे जुनी आहे. वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने गणितासह सगळे विषय सूतकताईसारख्या हस्तोद्योगाशी जोडायची योजना मांडली. नई तालीम नावाच्या या योजनेचं पुढे काय झालं हा वेगळा विषय आहे, पण यांत्रिक हाताचं गणित त्या रीतीने फार चांगलं शिकता येतं. संगणक बाजूला ठेवा. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या, दोन टाचण्या, एक कंपास आणि आलेख कागद घ्या.

एका पट्टीच्या भोकांमधलं अंतर ८ सेंटीमीटर ठेवा, दुसरीच्या ६. दोन्ही टोकाला टोक जोडून टाचणीने अडकवा, ते कोपर. मोठ्या पट्टीचं मोकळं टोक आलेख कागदाच्या आरंभबिंदूवर टोचा, तो खांदा. लहान पट्टीचं मोकळं टोक म्हणजे मनगट. आता उजवीकडे ६ आणि वर ८ असा बिंदू पेन्सिलने ठळक करा आणि मनगट तिथे न्या.

पहिलं उत्तर बहुतेकांना चटकन दिसतं. मोठी पट्टी सरळ उभी, लहान पट्टी सरळ आडवी. खांदा ९० अंशांवर, कोपरात काटकोन. झालं. पण थांबू नका. खांद्यावर कंपासचं टोक ठेवून ८ सेंटीमीटरचं वर्तुळ काढा. कोपर कुठेही गेलं तरी याच वर्तुळावर असणार. मग ठळक केलेल्या बिंदूवर टोक ठेवून ६ सेंटीमीटरचं वर्तुळ काढा. मनगट तिथे पोचवायचं असेल तर कोपर याही वर्तुळावर असायला हवं. दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात. एक छेद अगदी वर, ० आणि ८ वर. ते आपलं पहिलं उत्तर. दुसरा छेद उजवीकडे खाली, ७.६८ आणि २.२४ वर. पट्ट्या उचलून तिथे लावून पाहा, मनगट नेमकं त्याच बिंदूवर येतं. या वेळी खांदा जेमतेम १६ अंश वर उचललेला, आणि लहान पट्टी उभ्या रेषेच्याही १६ अंश मागे झुकलेली. कोपरात काटकोन आताही आहे, फक्त उलट्या बाजूला.

दोन वर्तुळं कुठे छेदतात, यात जवळजवळ सगळं इन्व्हर्स कायनेमॅटिक्स आलं. बारावीच्या पुस्तकातला कोसाइनचा नियम हेच आकड्यांत सांगतो. खांद्यापासून बिंदूपर्यंतच्या अंतराचा वर्ग घ्या, त्यातून दोन्ही पट्ट्यांच्या लांबीचे वर्ग वजा करा, उरलेल्याला दोन्ही लांबींच्या गुणाकाराच्या दुपटीने भागा; कोपराच्या कोनाचा कोसाइन मिळतो. आपल्या उदाहरणात १०० वजा ६४ वजा ३६ म्हणजे शून्य, आणि शून्य कोसाइनचा कोन ९० अंश. तो अधिक ९० की उणे ९०, हे कोसाइन सांगत नाही. आपण कागदावर पाहिलेली दोन उत्तरं सूत्रात या अधिक-उणेत दडून बसलेली असतात.

मग निवड कशी करायची? ती झाड करतं. आता पट्ट्या पाचपट मोठ्या धरा, म्हणजे दंड ४० सेंटीमीटर आणि पुढचा हात ३०. मनगटापुढे १० सेंटीमीटरची चिमट्यासारखी पकड लावा. बोंड खांद्यापासून ४० सेंटीमीटर पुढे आणि ४० वर आहे, आणि पकड समोरून, आडवीच यायला हवी. तिरकी आली तर फांदीत अडकेल. आधी बोंडापासून १० सेंटीमीटर मागे या. मनगट कुठे हवं ते कळलं: ३० पुढे, ४० वर. हा आपलाच जुना बिंदू. पहिल्या उत्तरात पुढचा हात आधीच आडवा आहे, मनगट वळवायची गरजच नाही. दुसऱ्या उत्तरात पुढचा हात मागे झुकलेला असल्याने पकड आडवी करायला मनगट तब्बल १०६ अंश वळवावं लागतं. बाजारात मिळणारी साधी सर्वो मोटर एकूण सुमारे १८० अंश फिरते, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे ९०. दुसरं उत्तर गणिताला मान्य असलं तरी मोटरीच्या आवाक्याबाहेर गेलं. शिवाय त्या उत्तरात कोपर जमिनीलगत, पऱ्हाटीच्या खालच्या फांद्यांत घुसतं. अशा अडचणी मोजूनच निवड होते.

एकदा निवडलेली बाजू प्रोग्रॅमने लक्षात ठेवायला हवी. तसं केलं नाही तर एका बोंडाला वर असलेलं कोपर पुढच्या बोंडाला खाली जातं. मधल्या वेळात हात धाडकन हवेत फिरतो आणि वाटेतलं झाड मोडतो.

हाताची पोच किती, हेही त्याच दोन वर्तुळांत दिसतं. ४० आणि ३० मिळून ७० सेंटीमीटरच्या पलीकडे मनगट पोचणार नाही, वर्तुळं एकमेकांना शिवतच नाहीत. १० सेंटीमीटरच्या आतही ते पोचणार नाही, कारण दंड आणि पुढचा हात यांच्या लांबीतला फरक तेवढा आहे. बरोबर ७० वर वर्तुळं एकाच बिंदूत टेकतात, दोन उत्तरांचं एक होतं आणि हात ताठ होतो. हा ताठपणा घातक आहे. ताठ हाताचं मनगट सरळ रेषेत फक्त १ सेंटीमीटर मागे घ्यायचं, ७० वरून ६९ वर, तर कोपर १९.६ अंश वळवावं लागतं. हेच १ सेंटीमीटर ५० वरून ४९ वर घेतलं तर कोपर अडीच अंशसुद्धा वळत नाही. ताठ अवस्थेला सिंग्युलॅरिटी म्हणतात. तिच्या आसपास मनगटाला ठराविक वेगाने हलवायला गेलं तर कोपराकडून अशक्य वेग मागितला जातो, मोटर थरथरते, हात झटके देतो. म्हणून अनुभवी माणूस हात पोचेच्या कडेपर्यंत वापरत नाही; यंत्रच थोडं पुढे सरकवतो.

सांध्यांच्या हाताने सरळ रेषा काढणं किती अवघड, हे रस्त्याच्या कामावरही दिसतं. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. वर्धा जिल्ह्यातून जाताना त्याच्या कडेला मातीच्या भरावाचे लांबच लांब उतार दिसतात. असे उतार पोकलेन घासून काढतं. पोकलेनचा हातही सांध्यांचाच आहे: बूम, त्यापुढे स्टिक, शेवटी बकेट. चालकाच्या उजव्या दांड्यावर सहसा बूम आणि बकेट, डाव्या दांड्यावर स्टिक आणि केबिनचं फिरणं. एकच सांधा हलवला की बकेटचे दात कमानीत फिरतात, सरळ रेषेत कधीच जात नाहीत. सरळ उतार हवा तर बूम उचलता उचलता स्टिक ओढायची आणि बकेटचा कोनही सांभाळायचा, तिन्ही एकदम. मुरलेला चालक हे न मोजता करतो. रोबोटला मात्र त्या रेषेचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्याच्या टोकाशी कोन नव्याने काढून द्यावे लागतात.

तिसरी मिती आली की विद्यार्थी घाबरतात, पण खांद्याखाली फिरती बैठक असलेल्या हातासाठी ती फुकटात सुटते. बोंड ३२ सेंटीमीटर समोर, २४ डावीकडे आणि ४० वर असेल तर वरून पाहा. २४ आणि ३२ चा काटकोन त्रिकोण, कर्ण ४०. बैठक सुमारे ३७ अंश डावीकडे वळवा, की बोंड पुन्हा ४० पुढे आणि ४० वर येतं. पुढचं गणित आपण केलेलंच आहे.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक जण पडतो. कोन काढायला साधा उलटा टॅन्जंट वापरला तर तो फक्त गुणोत्तर पाहतो. ४० भागिले ३० आणि उणे ४० भागिले उणे ३० त्याला सारखेच, त्यामुळे मागे असलेल्या बोंडासाठी हात पुढे झेपावतो. त्यासाठी एटॅन-टू नावाचं फलन असतं, ते दोन्ही आकडे चिन्हांसकट वेगळे घेतं. पायथॉनमध्ये आणि आर्डुइनोवर त्याला उभा आकडा आधी द्यायचा असतो, एक्सेलमध्ये आडवा आधी. ही अदलाबदल कुणी केली देव जाणे, पण तिने कित्येकांच्या रात्री खाल्ल्या असतील. दुसरा खड्डा कडेवरचा. बोंड बरोबर पोचेच्या हद्दीवर असलं की दशांशांच्या घोळात कोसाइन एकाहून किंचित मोठा निघतो आणि प्रोग्रॅम उत्तर द्यायचं नाकारतो. तो आधीच १ आणि उणे १ च्या मध्ये दाबून बसवावा.

कारखान्यातल्या हाताला मात्र सहा सांधे लागतात. जागा ठरवायला तीन आकडे आणि पकडीचा रोख ठरवायला आणखी तीन. इथे इतिहास थोडा उपयोगी पडतो. जॉर्ज डेव्हॉल यांच्या कल्पनेतून झालेला युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबोट १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात कामाला लागला. त्याच्याआधीच, १९५५ मध्ये, झाक दनावी आणि रिचर्ड हार्टनबर्ग यांनी सांध्यांची नोंद चार-चार आकड्यांत करायची पद्धत मांडली होती. आजही रोबोटिक्सचे बहुतेक अभ्यासक्रम या डी-एच तक्त्यापासून सुरू होतात. माझ्या मते हा क्रमच चुकतो. तो तक्ता फॉरवर्डचा हिशेब नीटनेटका ठेवतो, इन्व्हर्सचं उत्तर देत नाही. मुलं तक्ता पाठ करतात, मॅट्रिक्स गुणतात आणि दोन वर्तुळं कधीच पाहत नाहीत.

खरी किल्ली १९६८ मध्ये स्टॅनफर्डला डोनाल्ड पायपर यांच्या प्रबंधात सापडली. मनगटाचे तीन सांधे असे बसवा की त्यांचे अक्ष एकाच बिंदूत मिळतील, मग सहा अनोळखी कोनांचं गणित तीन-तीनमध्ये फुटतं. पकडीकडून मागे येऊन मनगटाचा बिंदू काढा, पहिल्या तीन सांध्यांनी तो गाठा, उरलेल्या तिघांनी रोख साधा. बोंडापासून १० सेंटीमीटर मागे येण्याची आपली युक्ती ती हीच. औद्योगिक रोबोटांची मनगटं बहुधा अशीच असतात, कारण गणित सुटावं म्हणून यंत्राचा आकार तसा ठरवला गेला. १९७८ मध्ये आलेल्या प्यूमा जातीच्या हाताला एका जागेसाठी साधारण आठ उत्तरं मिळतात: खांद्याची दोन, कोपराची दोन, मनगटाची दोन, यांचा गुणाकार. अक्ष असे न जुळवता सहा फिरते सांधे कसेही बसवले तर उत्तरं जास्तीत जास्त सोळा असू शकतात. सोळाही प्रत्यक्षात मिळतील असा हात रशीद मन्सूर आणि कीथ डॉटी यांनी १९८९ मध्ये मांडून दाखवला.

ज्या हातांना असं नेटकं सूत्र नसतं, तिथे चाचपडत जायची रीत आहे. आत्ताच्या कोनांत टोक कुठे आहे ते काढा, बोंड किती दूर राहिलं ते मोजा, प्रत्येक सांधा किंचित हलवला तर टोक किती सरकतं त्याचा तक्ता करा, त्यानुसार पाऊल टाका, पुन्हा मोजा. त्या तक्त्याला जेकोबियन म्हणतात; डॅनियल व्हिटनी यांनी १९६९ मध्ये यांत्रिक हात चालवायला तो वापरून दाखवला. आयत्या लायब्रऱ्यांपैकी पुष्कळशा आतून असंच काहीतरी करतात. त्यामुळे त्यांनी ‘उत्तर नाही’ म्हटलं तर लगेच विश्वास ठेवू नये. सुरुवातीचा अंदाज बदलून पाहावा, बऱ्याचदा उत्तर असतं. २०११ मध्ये आंद्रेआस अरिस्टिडू आणि जोन लेझनबी यांनी मांडलेली फॅब्रिक नावाची पद्धत तर पट्टी-पेन्सिलीने कागदावर करता येते. टोक लक्ष्यावर ठेवायचं, एकेक सांधा मागे ओढत खांद्यापर्यंत यायचं, मग खांदा जागेवर बसवून पुन्हा पुढे जायचं.

या गणिताला आपल्या भागात फक्त शेतच गिऱ्हाईक आहे असं नाही. पुलगावचं केंद्रीय दारूगोळा भांडार याच जिल्ह्यात आहे. ३१ मे २०१६ रोजी तिथे लागलेल्या आगीत आणि स्फोटांत जवानांचे आणि अग्निशमन कर्मचाऱ्यांचे बळी गेले. स्फोटकांजवळ माणसाऐवजी यंत्राचा हात पाठवता यावा म्हणून पुण्याजवळच्या दिघीतल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने दक्ष हा रोबोट तयार केला. संशयास्पद वस्तू उचलणारा हात त्याला आहे, आणि २०११ च्या अखेरीस तो लष्कराकडे सोपवायला सुरुवात झाली. माणूस दूर बसून त्याला हुकूम देतो. दूरच्या हाताचा एकेक सांधा वेगळा हलवत बसायचं, की ‘पकड सरळ पुढे जाऊ दे’ एवढं सांगून कोन यंत्राला काढू द्यायचे, यात चालवणाऱ्याच्या डोक्यावरचा भार कितीतरी बदलतो.

कापूस वेचणाऱ्या रोबोटात हे गणित मुख्य अडचण आहे का? हिशेब करून पाहा. एका बोंडात ४ ग्रॅम कापूस धरला तर किलोला २५० बोंडं, क्विंटलला २५,०००. एका बोंडाचे कोन काढायला साध्या प्रोसेसरला १ मिलिसेकंद दिला, म्हणजे हजारांश सेकंद, तर क्विंटलभर कापसाचं सगळं इन्व्हर्स कायनेमॅटिक्स २५ सेकंदांत उरकतं. हात मात्र बोंडापर्यंत जाऊन, ओढून, पिशवीत टाकून परत यायला ३ सेकंद घेत असेल तर क्विंटलला २० तास ५० मिनिटं लागतात. वेचणाऱ्या बाईचे दोन्ही हात एकाच वेळी चालतात, वाळल्या बोंडाची टोकं टोचत असतानाही. तेव्हा कोणी नुसते कोन अचूक काढून ‘कापूस वेचणारा रोबोट केला’ असं म्हणत असेल, तर त्याचं काम अजून सुरू व्हायचं आहे. वेग, पकड, आणि पानाआडचं बोंड ओळखणारा कॅमेरा, खरी लढाई तिथे आहे.

पण कोन काढता आल्याशिवाय त्या लढाईत उतरता येत नाही. म्हणून वर्ध्या-सेवाग्रामच्या, आणि कुठल्याही, विद्यार्थ्याला सांगणं असं: आधी पुठ्ठ्यावर दोन्ही उत्तरं शोधा. मग तेच आकडे पायथॉनमध्ये घालून ९० आणि १६ येतात का पाहा, आणि आलेले कोन फॉरवर्डच्या सूत्रात घालून बोंडाची जागा परत मिळते का ताडून घ्या. त्यानंतर दिल्ली आयआयटीत प्रा. सुबीर कुमार साहा यांच्या गटाने तयार केलेलं रोबोअ‍ॅनालायझर हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून सहा सांध्यांच्या हाताची वेगवेगळी उत्तरं पडद्यावर फिरवून बघा. सर्वो मोटरी सगळ्यात शेवटी घ्या, आणि घेताना जोर तपासा. १० किलो-सेंटीमीटरची मोटर ७० सेंटीमीटरवर सुमारे १४० ग्रॅम पेलते, आणि त्यात हाताचं स्वतःचं वजन धरलेलं नाही.